मिशीसाठी जागा

आमच्या इमारतीची लिफ्ट नाणं खाते.
आधी वीस तेत्री टाका, मग बटण दाबा,
मग ती कण्हत कण्हत हलते.
नाणं नसेल तर नऊ मजले चालत.
आणि नाणं नेमकं वर असतं,
स्वयंपाकघरात, कान तुटलेल्या कपात.

तिबिलिसीतल्या सतरा स्टुडिओंनी
मला हेच सांगितलं, जरा सभ्य भाषेत:
काम छान आहे, तेक्ला,
दोन वर्षांचा अनुभव घेऊन या.

दिवसा मी गुरामच्या भट्टीवर.
होडीच्या आकाराचे पाव कागदात गुंडाळून देते,
कागदाच्या घडीतसुद्धा मला समास दिसतो.
रात्री भावाच्या जुन्या लॅपटॉपवर
कंपन्या जन्माला घालते:
एक विमान कंपनी, जिच्याकडे विमान नाही,
एक कॉफी, जी कुणी उकळली नाही,
एक बँक, जिचं बोधचिन्ह मी चारदा बदललं
आणि एकाही खातेदारानं तक्रार केली नाही.

त्या सगळ्यात एक कागद तेवढा खरा होता.
लिफ्टमधला.
कारण शेजारची झायरा रोज आधी बटण दाबायची,
मग दारावर बुक्की, मग सरकारला शिव्या,
मग नाणं.
मी तिच्या चष्म्याचा नंबर विचारला.
तिला लिफ्टमध्ये उभं केलं, हात कुठे जातो ते पाहिलं.
नजर खाली होती, गुडघे दुखतात म्हणून.
म्हणून कागद कमरेच्या उंचीवर लावला.
एक गोल. खाली बाण. मग एक बोट.
आणि आमची अक्षरं, गोलमटोल,
एकमेकांना पोटं टेकून उभी.
आमच्या लिपीत मोठं अक्षर नसतं;
वाक्याच्या तोंडाशीसुद्धा कुणी
छाती फुगवून उभं राहत नाही.

बुक्क्या थांबल्या.
शिव्या नाही थांबल्या, त्यांची कारणं वेगळी.

अठराव्या स्टुडिओत बाद्री नावाच्या माणसानं
माझी विमानं भराभर उलटली,
कॉफी न चाखता बाजूला सारली,
आणि लिफ्टशी थांबला.
"हे कुणी करायला सांगितलं?"
"कुणीच नाही."
"पैसे?"
"झायरानं आलुबुखारची चटणी दिली. दोन बाटल्या."
"किती दिवस टिकलं?"
खोटं बोलता आलं असतं.
"आठ महिने. मग त्या बोटाला कुणीतरी मिशी काढली."
"मग?"
"मग मी दुसरा कागद केला.
त्यात मिशीसाठी जागा सोडली."

तो हसला नाही.
पलीकडच्या टेबलावरची मुलगी हसली,
खुर्ची वळवून बघू लागली.
खिडकीशी कुणीतरी प्रिंटरला थापटत होतं.
मनात आलं, इथेही एक कागद लागेल.

तीन महिने, अर्धा पगार, पुढचं पुढे.
सोमवारपासून.
गुराम म्हणाला, "सोमवारी? सोमवारी तर पीठ येतं."
आणि एक पाव जास्तीचा बांधला.

फॉर्मवर अनुभवाचा रकाना होता.
मी लिहिलं: एक लिफ्ट.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, जरा बारीक अक्षरात.

घरी आले तर खिशात नाणं नाही.
लिफ्ट खालीच, दार उघडं,
आतला पिवळा दिवा लुकलुकत.
सोडलेल्या जागेत या वेळी मिशी नव्हती.
कुणीतरी, बहुधा तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं,
बिनपैशाच्यांसाठी लिहून ठेवलं होतं:
वरपर्यंत एकशे चव्वेचाळीस पायऱ्या.

मी मोजत चढले, काखेत गरम पाव.
सहाव्या मजल्यावर दम लागला, आकडा सुटला नाही.
एकशे सेहेचाळीस निघाल्या.

पेन घेतलं, कपातलं एक नाणं घेतलं
आणि परत खाली गेले.